चेंडू सर्वांच्या हाती



तुमच्या शाळेत कधी सराव पाठ घ्यायला छात्राध्यापक येतात का? ते शिकवतात आणि शिकवता शिकवता स्वतःही शिकतात. खेळाच्या तासाला ते तुम्हांला मैदानावर नेतात, तेव्हा काही मुले धावत पुढे जातात. काही मात्र कडेला उभी राहतात. 'मला जमणार नाही,' असे त्यांना वाटते. आज मी तुम्हांला अशाच एका मुलीची गोष्ट सांगणार आहे.

तिचे नाव सेंडा बेरेन्सन. तिचा जन्म १८६८ साली आजच्या लिथुआनिया देशात झाला. लहानपणीच ती अमेरिकेतील बोस्टन शहरी आली. तिला पियानो शिकण्याची फार आवड. पण प्रकृती नाजूक! पाठीच्या दुखण्यामुळे पियानो सोडावा लागला. शरीर सुधारावे म्हणून १८९० साली ती व्यायामशिक्षकांच्या प्रशिक्षण शाळेत दाखल झाली. सुरुवातीला तिला व्यायाम मुळीच आवडेना. पण ती रोज थोडा थोडा व्यायाम करत राहिली. हळूहळू अंगात बळ आले आणि मनात विश्वासही!

दोन वर्षेही झाली नव्हती, तोच जानेवारी १८९२ मध्ये ती मुलींच्या स्मिथ कॉलेजात व्यायाम शिकवू लागली. मुलींनी धावूपळू नये, असे त्या काळी पुष्कळांना वाटे. जवळच्याच स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या शिक्षकांनी नुकताच एक नवा खेळ शोधला होता. फळांच्या टोपल्या उंच टांगायच्या आणि त्यांत चेंडू टाकायचा. तोच बास्केटबॉल!

सेंडाबाईंनी मुलींसाठी या खेळाचे नियम बदलले. मैदानाचे तीन भाग केले. प्रत्येकीने आपल्याच भागात खेळायचे. दुसरीच्या हातातून चेंडू हिसकवायचा नाही. त्यामुळे एकटी मुलगी सगळा खेळ आपल्याकडे ठेवू शकत नसे. चेंडू एकीकडून दुसरीकडे द्यावाच लागे. मार्च १८९३ मध्ये कॉलेजातील दोन वर्गांच्या मुलींचा सामना झाला.

मुलांनो, कडेला उभ्या राहणाऱ्या मुलीच्या मनात काय चालते, हे सेंडाबाईंना कोणी सांगावे लागले नसेल. त्या स्वतःच तशा होत्या ना!

तेव्हा तुमचे नवे गुरुजी किंवा बाई मैदानावर येतील, तेव्हा न लाजता म्हणा, "मला येत नाही, मला शिकवा." आणि तुमच्या हाती चेंडू असेल, तर एकदा कडेला पाहा. तेथे कोणी उभे आहे का? मग चेंडू त्याच्याकडे टाका!