आधी मोजे काढा



  संधिवातशास्त्रातल्या वर्षभराच्या घडामोडींचा आढावा परिषदेच्या अध्यक्षांनी घ्यावा, असा प्रघात आहे. पण फुफ्फुसांच्या फायब्रोसिसवर आणि नव्या औषधांवर कालपासून उत्तम व्याख्यानं झाली आहेत. मी बोलणार आहे स्क्लेरोडर्माच्या रुग्णाच्या पायांविषयी. बरीच वर्षं हे मनात साचलं आहे.

आपण पाय बघत नाही. मॉरिस रेनॉडने १८६२ साली पॅरिसमध्ये प्रबंध लिहिला, तो हातापायांच्या टोकांच्या गँग्रीनवर. पुढे पाय मागे पडले. स्क्लेरोडर्माच्या २०१३च्या वर्गीकरणाच्या निकषांत हाताच्या बोटांची कातडी, बोटांच्या टोकांवरचे व्रण, नखांच्या कडेच्या केशवाहिन्या यांना गुण आहेत. पायाच्या बोटावरच्या व्रणाला नाहीत. निदानाला हात पुरतात, मान्य. पण निदानानंतरही आपण हातांवरच अडून बसतो. कातडीचा जाडपणा मोजणाऱ्या रॉडनन स्कोअरच्या १७ जागांत दोन्ही पावलं आहेत. गर्दीच्या ओपीडीत मोजे उतरवून ती कातडी चिमटीत धरणारे किती जण इथे बसले आहेत?

पाय कापावा लागणं दुर्मीळ आहे, असं मला दरवर्षी ऐकवलं जातं. हाताच्या बोटांच्या मानाने ते कमी घडतं, हे खरं. पण जखम बघितलीच नाही, तर ती मोजणार कोण?

बर्फाच्या पाण्यात उभं राहून कोळंबी सोलणारी एक बाई माझ्याकडे आली होती. हातांसाठी निफेडिपिन चालू, अँटिसेंट्रोमिअर पॉझिटिव्ह. डाव्या पायाचा अंगठा काळाठिक्कर, कोरडा. शेजारच्या बेचक्यात खोल व्रण. घोट्यामागे नाडी लागेना. जाडजूड फाइलमध्ये पायांविषयी एक अक्षर नव्हतं. सोबतच्या चिठ्ठीत मात्र गुडघ्याखालून पाय काढण्याचा सल्ला होता. मी वॉर्डातल्या कुबड्या मागवल्या आणि तिला धरायला सांगितल्या. बोटं आत वळून ताठरलेली, मूठ मिटेना. कुबडी खाली पडली. पाय कापायला सांगणाऱ्याने तिचे हात पाहिले नव्हते, आणि हात तपासणाऱ्यांनी पाय.

अँजिओग्राफीत नडगीच्या धमन्या तुंबलेल्या दिसल्या. आमच्या व्हॅस्क्युलर सर्जनने बलूनने एक वाट मोकळी केली. प्रोस्टाग्लॅन्डिन दिलं, जखमेची निगा राखली. सगळ्यात जास्त भांडावं लागलं ते मिश्री सोडवायला. अंगठा सुकत गेला, मेलेल्या आणि जिवंत कातडीमधली रेघ स्पष्ट झाली आणि काही महिन्यांनी तो आपोआप गळून पडला. पाऊल वाचलं. “मॅडम, आता न्हाणीत माझी मी जाते,” हे तिने मला सांगितलं.

काळं बोट लगेच काढावं की वाट पाहावी, या कालच्या परिसंवादातल्या वादात माझं मत त्या अंगठ्याने ठरवलं आहे. पू नाही, ताप नाही, वेदना आवाक्यात आहे, तर थांबा आणि रक्तपुरवठा तपासा. जंतुसंसर्ग वर चढत असेल, तर मात्र एक दिवसही दवडू नका. कोरडं बोट घाईने कापलं, की या कातडीत जखम सहजी भरत नाही. मग बोटामागून पाऊल जातं आणि पावलामागून नडगी. घोट्याचा रक्तदाब नॉर्मल आला, म्हणूनही निर्धास्त राहू नका. टणक झालेली धमनी तो आकडा फुगवते. पायाच्या अंगठ्यातला दाब मोजा.

पाय गेला तरी “जयपूर फूट आहे ना,” असंही सांगितलं जातं. डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा यांच्या त्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. पण सॉकेट जिथे घासतो, तिथली कातडी आपल्या रुग्णांत ताणलेली, हाडाला चिकटलेली असू शकते. आणि पट्टा ओढायला, बक्कल लावायला बोटं लागतात. ती आधीच गेलेली असतात, म्हणून तर या माणसाचा पाय इतरांच्या पायापेक्षा जास्त जपायला हवा.

राज्यभरातल्या अशा रुग्णांची एक नोंदवही सुरू व्हावी. व्हॅस्क्युलर सर्जन आणि कृत्रिम पाय बनवणारे कारागीर यांना पुढच्या परिषदेत बोलवावं. तपशील कार्यकारिणीने ठरवावा. आज दुपारी त्वचा-स्कोअरची कार्यशाळा आहे आणि तिला रुग्ण येणार आहेत. अध्यक्ष म्हणून माझी सूचना आहे, की मोजणी पावलांपासून सुरू करावी.