उन्हाळ्यातील फुलझाडे आणि त्यांचे खत



बहिणाबाई चौधरींच्या या माहेरगावी मातीविषयी बोलायला उभे राहणे हे धार्ष्ट्याचेच काम आहे. म्हणून विषय मी मुद्दाम लहान घेतला आहे. शेत नव्हे, अंगण. केळी-कपाशी नव्हे, तर दारचा मोगरा, जास्वंद आणि गुलाब.

वैशाखात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. जास्वंद मान टाकते, गुलाबाच्या पानांच्या कडा करपतात. घरच्या माणसाला वाटते, झाड अशक्त झाले, याला खत हवे. मग मूठभर युरिया बुंध्याशी पडतो. आठ दिवसांत झाड वाळते आणि दोष मात्र उन्हाला लागतो.

असे का होते, हे लोणच्याच्या बरणीला विचारावे. कैरीच्या फोडींना मीठ चोळले की तळाशी पाणी सुटते. ते आले कोठून? फोडींतूनच. बाहेरच्या खारटपणाने ते ओढून काढले. कोरड्या मातीत विरघळणारे खत जास्त पडले की मुळांची गत त्या फोडींसारखीच होते. तहानेल्याला आपण मीठ चारतो! शिवाय युरियात शेकडा ४६ भाग नत्र असले, तरी तापलेल्या, चुनखडीच्या काळ्या जमिनीवर तो उघडा पडला म्हणजे त्यातला बराच भाग अमोनिया वायू होऊन उडून जातो. झाडही गेले आणि पैसेही गेले.

मग उन्हाळ्यात खत द्यायचेच नाही काय? तसे नाही. झाड कामावर आहे की विसाव्यावर, एवढे आधी पाहावे. मोगरा ऐन उन्हाळ्यात फुलतो. आखाजीच्या सुमारास त्याचा बहर जोरात असतो. त्याची भूक खरी आहे. गुलाब आणि शेवंती या दिवसांत केवळ तग धरून असतात. त्यांना पाणी आणि सावली पुरे. विसावा घेणाऱ्याला जेवणाचा आग्रह करू नये.

मोगऱ्याला द्यावे तेही पातळ आणि थोडे. भुईमुगाची पेंड तीन-चार दिवस भिजवावी, तिचे पाणी दहापट पाण्यात मिसळावे आणि पंधरवड्यातून एकदा, संध्याकाळी, आधी ओलवलेल्या मातीत ओतावे. युरियाच द्यायचा असेल तर लिटरला एक ग्रॅम, अधिक नको. ताजे शेण मुळाशी मुळीच घालू नये. ते कुजताना तापते. बुंध्याभोवती वाळक्या केळीच्या पानांचे चार बोटे जाड आच्छादन करावे, पण ते खोडाला भिडू देऊ नये. त्याने ओल टिकते, मुळे थंड राहतात आणि हंडाभर पाणी वाचते.

पान पिवळे पडले की खतच कमी, हाही समज सोडावा. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली तर बहुधा नत्राची उणीव असते. कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर बहुधा लोहाची. आपल्या जमिनीत लोह असते, पण चुनखडीमुळे ते मुळांना मिळत नाही. अशा जमिनीत चुलीची राख घालणे म्हणजे दुखणे वाढवणे होय.

यावरचा जुना उपाय कुजलेल्या खताचा. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात शेजारच्या इंदूरला पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर लावून खत करण्याची पद्धत बसवली. ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. खानदेशातल्या उकिरड्याला ती परकी वाटू नये.

कोणी म्हणेल, चार झाडांसाठी एवढा काथ्याकूट कशाला? कारण हात अंगणात जे शिकतो, तेच शेतात करतो. झाडाने न घेतलेले नत्र पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपते आणि विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. त्याचा धोका सर्वांत जास्त तान्ह्या मुलांना असतो. जास्तीची मूठ अशी शेवटी पाळण्यापर्यंत पोचते.

तेव्हा वैशाखात झाडाला पाणी, सावली आणि आच्छादन द्यावे. खताची पाटी मृगासाठी राखून ठेवावी. पहिला चांगला पाऊस मुरला की प्रत्येक झाडाला दोन ओंजळी कुजलेले खत आणि मूठभर निंबोळी पेंड मातीत मिसळून द्यावी. तोवर झाडाने मागितले नाही, ते त्याला देऊ नये.