आगाऊ वर्गणी आणि खेळाची पुस्तके
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आज आम्ही एका परदेशी खेळाविषयी चार शब्द बोलणार आहोत. टेबलाभोवती मंडळी बसतात. एक जण कथानक चालवितो, इतर त्यातील पात्रे होतात व फाशांनी यशापयश ठरते. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा अशा प्रकारचा विक्रीस आलेला पहिला खेळ. त्याची पहिली आवृत्ती अवघी १,००० प्रतींची होती.

आता अशा खेळांची साहसकथानके रचणारे कित्येक लेखक स्वतःच प्रकाशक होतात. २००९ साली निघालेल्या ‘किकस्टार्टर’वर ते आपला संकल्प व लागणारी रक्कम जाहीर करतात. मुदतीत ती पुरी जमली तरच पैसे मिळतात. एरवी कोणाकडूनही काही घेतले जात नाही. जमलेल्यातून शेकडा ५ त्या संस्थेचे; छपाई, चित्रे व टपालखर्च निराळाच. हा हिशेब आधी न मांडणारा, वर्गणी भरघोस जमूनही बुडतो.

ग्रंथासाठी आगाऊ वर्गणीदार मिळविण्याची रीत आपल्याकडेही जुनीच आहे. म्हणून आमच्या तरुणांना आमचे सांगणे एवढेच की, आगाऊ घेतलेला पैसा ही ठेव होय, नफा नव्हे. आधी हस्तलिखित पुरे करावे, मगच हात पुढे करावा.