माओचं पंचशील, आपलं पंचशील

(सातारा-सांगलीच्या तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरातलं भाषण)



मी गोदीत हमाली करतो, कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. असल्यानं परराष्ट्र धोरणावर बोलायचं म्हंजे कुणाला हसू येईल. येऊ द्या. परदेशची जहाजं रिकामी करणारे हात आमचेच आहेत.

मी लाल बावट्याच्या मोर्चात गेलो की आपलेच लोक म्हणतात, बाबासाहेब कम्युनिस्टांच्या विरोधात होते, तू तिकडं कशाला तडफडतोस? अन् लाल बावटेवाले म्हणतात, तुमचे आंबेडकर अमेरिकेच्या बाजूचे. हा वाद या मातीला नवा नाही. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ ला साताऱ्यातून कम्युनिस्ट म्हणूनच लोकसभेत गेले. पण दोन्हीकडच्यांनी बाबासाहेबांचं मूळ भाषण वाचलेलं नसतं.

३० डिसेंबर १९४९ ला भारतानं माओच्या चीनला मान्यता दिली. तेव्हा बाबासाहेब नेहरूंच्या मंत्रिमंडळात कायदेमंत्री होते. १९५१ ला राजीनामा देताना हिंदू कोड बिलाबरोबर परराष्ट्र धोरणही त्यांनी कारण म्हणून मांडलं. ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी लष्करावर जातात, कारण आपल्याला मित्रच उरले नाहीत. त्याच साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या जाहीरनाम्यात सवाल आला : चीनला युनोत बसवायला भारतानं का झिजावं? स्वतःच्या कायम जागेसाठी का भांडू नये?

मग २६ ऑगस्ट १९५४, राज्यसभा. चार महिन्यांपूर्वी, २९ एप्रिलला, तिबेट चीनचा प्रदेश धरून भारत-चीन करार झालेला. त्यातल्या तत्त्वांना नाव काय दिलं? पंचशील! आपली आई विहारात हात जोडून म्हणते ते पंचशील. बाबासाहेबांनी तिथंच बोट ठेवलं. पंचशील बुद्धाच्या धम्मातलं. माओचा त्यावर विश्वास असता तर त्यानं स्वतःच्या देशातल्या बौद्धांना वेगळं वागवलं असतं. राजकारणात पंचशीलाला जागा नाही, कम्युनिस्ट देशाच्या राजकारणात तर नाहीच. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन पंतप्रधानांनी चिन्यांची हद्द आपल्या दाराशी आणली. कम्युनिझमला ते वणवा म्हणाले. वणवा म्हंजे काय हे साताऱ्याच्या डोंगरातल्या माणसाला मी काय सांगू! आठ वर्षांनी, १९६२ ला, चिनी फौजा आत आल्या.

हा विरोध वॉशिंग्टनहून आलेला नव्हता. त्याला मुंबईच्या गिरण्यांचा वास होता. विणखात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते, कारण तिथं धाग्याला तोंड लागायचं. १९२८ च्या संपात लाल पुढारी क्रांती सांगत होते, अन् हा दरवाजा बंदच. बाबासाहेबांनी ते तोंडावर विचारलं. आणि तरीही ७ नोव्हेंबर १९३८ ला, कामगारांचा संपाचा हक्क मारणाऱ्या बिलाविरुद्ध, याच कम्युनिस्टांबरोबर त्यांनी संप केला. हे आपले लोक सांगत नाहीत.

एक गोष्ट मला पटत नाही, ती बोलतो. रागवा हवं तर. त्याच भाषणात त्यांनी सीटोची बाजू घेतली. अमेरिकेचा हा करार पंधरवड्याच्या आत मनिलाला झाला, पाकिस्तान त्यात होता. पुढं त्याच कराराचा दाखला देत अमेरिका व्हिएतनामवर तुटून पडली. वणव्याच्या भीतीनं बाबासाहेबांनी दुसऱ्या आगीवर जास्त भरवसा टाकला, असं मला वाटतं. १९५४ ला पुढचं कुणाला दिसणार, हेही खरं.

अमेरिकेचं काय झालं? जन्मभर कम्युनिस्टांना शिव्या घालून मोठा झालेला निक्सन फेब्रुवारी १९७२ ला पेकिंगला जाऊन माओचा हात हातात घेऊन आला. त्याच्या चार महिने आधी युनोतली तैवानची खुर्ची गेली होती. आपल्याकडं कम्युनिस्टांना पाण्यात पाहणाऱ्या वाजपेयींच्या सरकारनं २००३ ला तिबेट स्वायत्त प्रदेश चीनचा भाग असल्याचं लिहून दिलं. तेव्हा कुणाला बाबासाहेबांचं भाषण आठवलं नाही.

२० नोव्हेंबर १९५६ ला काठमांडूत ते बुद्ध आणि मार्क्सवर बोलले. दुःख दोघांनाही संपवायचंय, पण मार्क्सवाल्यांचा हिंसेचा अन् हुकूमशाहीचा रस्ता आपला नाही, असं. सोळा दिवसांनी ते गेले.

राज्यसभेतलं ते भाषण सरकारी ग्रंथमालेच्या खंड १५ मध्ये छापलेलं आहे. इंग्रजीत आहे, जड जातं, मला महिना लागला. पुढच्या शिबिराला वाचून या, मग माझ्याशी भांडा.