पदकाची राहून गेलेली नोंद

1971च्या युद्धात पूर्व आघाडीवरच्या जवानांना पूर्वी स्टार मिळाला, पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार. तरीही काही माजी सैनिकांच्या डिस्चार्ज बुकात पदकांचा रकाना अर्धवट राहिलेला दिसतो. हा मान त्यांनी रणांगणावर कमावलेला आहे. मागायला संकोच नको.

अर्ज करायचा तो आपल्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसकडे. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, तोफखान्याचं नाशिकरोडला. आर्मी नंबर, हुद्दा, युनिट आणि युद्धाच्या वेळी आपण नेमके कुठे होतो, हे स्पष्ट लिहा. सोबत डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स जोडा. मागितल्याशिवाय मूळ पुस्तक मात्र टपालानं धाडू नका. आणि घरात एखादं जुनं पदक असेल, तर त्याची कडा उजेडात धरून पाहा. नंबर, हुद्दा, नाव तिथे बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. त्याचा फोटोही अर्जाला लावा.

लिहिणं जमत नसेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं. जवान हयात नसतील, तर त्यांच्या पत्नीनं तिथेच चौकशी करावी. अर्जाची एक प्रत आणि टपालाची पावती जपून ठेवा.