मुलींच्या हाती तंत्रविद्या

(उज्जैन येथे रामघाटावर मराठी कुटुंबांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



क्षिप्रेच्या या घाटावर उभे राहिले की मनात महाकाल येतो, सिंहस्थ येतो; यंत्र येत नाही. परंतु समोरचे पाणी पाहा. उन्हाळ्यात क्षिप्रा आटते. म्हणून २०१४ मध्ये सुरू झालेल्या जोडयोजनेने नर्मदेचे पाणी पंपांनी सुमारे ३५० मीटर उंच चढवून क्षिप्रेच्या उगमाशी सोडले जाऊ लागले. २०१६ च्या सिंहस्थातील स्नानाला त्याच पाण्याचा आधार होता. आपल्या समाजात पाणी भरण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांकडे राहिले. पाणी आणण्याचे शास्त्र मात्र पुरुषांकडे. ही वाटणी कोणत्या शास्त्राला धरून झाली, हे मला कधीच उमगलेले नाही.

मुलींना गणित झेपत नाही, असे म्हणणारे आजही भेटतात. येथून जवळच, इंदूरला, १९११ साली कमला भागवत जन्मल्या. पुढे त्या कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या. १९३३ मध्ये बंगलोरच्या विज्ञान संस्थेत त्यांना प्रवेश नाकारला गेला, तो गुण कमी म्हणून नव्हे, स्त्री म्हणून. त्या हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष काम पाहू, या अटीवर प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली.

दुसरे नाव शकुंतला भगत यांचे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेतून त्या १९५३ मध्ये स्थापत्य अभियंता झाल्या. ठरावीक मापाचे पोलादी भाग जागेवर जोडून पूल उभारण्याची पद्धत त्यांनी पतीच्या सहकार्याने विकसित केली आणि १९७२ मध्ये हिमाचल प्रदेशातील स्पितीसारख्या दुर्गम भागात ती वापरली गेली.

मात्र एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. शकुंतलाबाईंचे वडील स्वतः नामांकित पूल-अभियंता होते. कमलाबाईंचे वडील रसायनशास्त्रज्ञ. विद्या घरातच होती. ज्या मुलीच्या घरी कोणी दहावीच्या पुढे गेलेले नाही, तिच्यासाठी हे काम कोणी करावयाचे? ते शिक्षकाला करावे लागेल, वसतिगृहाला करावे लागेल आणि शासनालाही. तंत्रनिकेतन तालुक्याच्या गावी, मुलगी खेड्यात, आणि शेवटची एस.टी. सायंकाळी लवकर सुटणारी! अशा वेळी बाप मुलीला घरी बसवितो, तो नेहमीच जुन्या विचारांचा असतो असे नाही; त्याला तिची काळजी असते. म्हणून मी वसतिगृहाला पुस्तकापेक्षा कमी लेखत नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मुलगी आली की शिवणकामाच्या वर्गाकडे बोट दाखविण्याची सवयही सोडावी. वीजतंत्री व जोडारी ही कामे तिलाही विचारावीत. निवड तिची तिला करू द्यावी.

महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात संपूर्ण सवलत आहे. परंतु सवलत कागदावर असते आणि दाखला तहसील कचेरीत. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज निकालाची वाट न पाहता करवून घ्यावा, ही शिक्षकांना विनंती. आणि आलेला अर्ज प्रवेशाची मुदत संपेपर्यंत टेबलावर पडून राहू नये, ही महसूल खात्यातील बंधूंना.