शोक, न्याय आणि मुदत



वसंतातल्या या प्रसन्न सायंकाळी मरणाचा आणि कोर्टकचेरीचा विषय आम्ही काढावा, हे काहींना रुचणार नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात, आणि त्यात अनुभवाचे शहाणपण आहे. परंतु घरचा कर्ता माणूस कोणाच्या तरी हयगयीने गेला, तर त्याच्या मागे राहिलेल्या बायकामुलांनी जावे कोठे? कायद्याने त्यांच्यासाठी एक दार ठेवले आहे. ते किती दिवस उघडे असते, एवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

हे दार पूर्वी नव्हते. जुन्या इंग्रजी न्यायात माणसाबरोबर त्याची फिर्यादही मरत असे. पाय मोडलेला मनुष्य भरपाई मागू शके. तोच मेला, तर वारसांच्या हाती काही नसे. म्हणजे जखमी करण्यापेक्षा ठार करणे स्वस्त! हा अन्याय इंग्लंडात १८४६ साली लॉर्ड कॅम्बेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने दूर केला. त्याच धर्तीवर आपल्याकडे १८५५ चा प्राणांतिक अपघातांचा कायदा आला. मृताची पत्नी वा पती, आईबाप आणि मुले यांच्यासाठी भरपाई मागण्याची सोय त्याने केली.

दार झाले, पण त्याला मुदतीचा अडसरही आला. १९०८ च्या मुदतीच्या कायद्याने अशा दाव्यास मृत्यूपासून अवघे एक वर्ष दिले होते. आपल्या घरांतून हे वर्ष कसे जाते, ते आपण जाणताच. सुतक फिटते, तेरावा होतो, सणवार बंद राहतात, आणि वर्षश्राद्ध झाले की घर जरासे मान वर काढते. नेमक्या त्याच सुमारास दावा मुदतबाह्य होत असे!

१९५३ च्या मे महिन्यात कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचे हाड मोडलेला एक विशीतला मुलगा पुण्यास आणला गेला आणि उपचार चालू असताना दगावला. आईबापांनी दावा लावला. शस्त्रवैद्याची हयगय शाबीत झाली, तीन हजार रुपये भरपाई ठरली, आणि सर्वोच्च न्यायालयात हा निकाल कायम झाला तो १९६८ साली. मागण्यास एक वर्ष, आणि अखेरचा शब्द ऐकण्यास पंधरा वर्षे!

१ जानेवारी १९६४ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने ही मुदत दोन वर्षांची केली. ती मोजावयाची मृत्यूच्या तारखेपासून. प्रतिवादीने लबाडीने आवश्यक कागद दडवला असेल, तर वेगळे. एरवी दिवाणी न्यायालयात उशीर माफ होत नाही. प्रतिवादी गप्प बसला, तरी न्यायाधीशाला मुदतबाह्य दावा काढून टाकावाच लागतो.

दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. मोबदला घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरविले. येथेही मुदत दोन वर्षांचीच. २०१९ च्या कायद्याने ती कायम ठेवली आहे. मात्र उशिराचे सबळ कारण दाखविल्यास, कारणे नमूद करून आयोग तो माफ करू शकतो.

आता खरा अवघड प्रश्न येतो. ही दोन वर्षे मोजावयाची कोणत्या दिवसापासून? चूक झाली त्या दिवसापासून, की ती कळली त्या दिवसापासून? गोव्यातील एका सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकेवर १९९३ साली मुंबईत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. तिच्या तक्रारीप्रमाणे पोटात गॉज राहून गेले. नऊ वर्षे दुखत राहिले. २००२ साली दुसरी शस्त्रक्रिया झाली तेव्हा ते सापडले, आणि २००४ साली तिने तक्रार गुदरली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली म्हटले, की अपाय उघड असेल तर मुदत तेव्हापासूनच सुरू होते. अपाय छुपा असेल तर तो कळला, किंवा योग्य खबरदारीने कळला असता, तेव्हापासून. इतकी वर्षे दुखत असता परिचारिकेने चौकशी करावयास हवी होती, असे ठरून तिची तक्रार मुदतबाह्य झाली. हा निकाल कठोर वाटेल, परंतु ‘कळले असते’ हे दोन शब्द ध्यानात ठेवा. कायदा अज्ञानाला सवलत देतो, आळसाला नाही.

मग मुदत असावीच कशाला? डॉक्टरांच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. परिचारिका पांगतात, साक्षीदारांची आठवण पुसट होते. आणि कागद? २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावयाचे असतात. वीस वर्षांनी निरपराध डॉक्टरने आपला निरपराधीपणा सिद्ध करावा कशाने? टांगती तलवार कोणावरही जन्मभर असू नये. मुदत असावी, हे आम्हांस मान्य आहे. पण ती ज्याला ठाऊकच नाही त्याच्यावर ती चालून जाते, हे आमच्या मनाला डाचते.

म्हणून व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. त्याच नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केली, की ७२ तासांत कागद द्यावयास हवेत. ते लेखी मागा, आणि पोच घ्या. दुसरी गोष्ट अशी, की रुग्णालयाशी पत्रव्यवहार चालू आहे, वैद्यक परिषदेकडे अर्ज गेला आहे, तडजोडीचे बोलणे चालले आहे, एवढ्याने मुदत थांबत नाही. पुष्कळांचा हक्क या गोड भरवशावरच बुडतो.

प्रत्येक मरण ही कोणाची चूक नसते, आणि प्रत्येक दुःखाने वकील गाठावा असेही आमचे म्हणणे नाही. दावा करावयाचा की नाही, हे घरच्यांनी शांतपणे ठरवावे. परंतु ते त्यांनी ठरवावे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेने परस्पर ठरवू नये. तेव्हा शेजारी असे घर असेल, तर तेराव्याला नुसते सांत्वन करून परतू नका. कागद जपून ठेवायला सांगा, आणि मृत्यूची तारीख लिहून तिच्यापुढे दोन वर्षे मोजून द्या. शोकाला मुदत नसते, न्यायाला असते.